मागची डावी कडी

खुर्चीकाकांनी एकतीस वर्षं नुसतं बसून पगार घेतला, असं कुणी म्हटलं तर त्यांना राग येत नसे, कारण ते अगदी खरं होतं. घडीच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासनीस होते. दर दहावी खुर्ची बाजूला घ्यायची, उघडायची, तिच्यावर बसायचं, डावीकडे झुकायचं, उजवीकडे झुकायचं, उठायचं आणि पुन्हा घडी घालायची. असं तीनदा. मग तक्त्यावर सही. पुढारी एका खुर्चीसाठी जन्मभर जिवाचं रान करतात. काकांना दिवसाला ऐंशी मिळायच्या, आणि त्यातली एकही पाच मिनिटांच्या वर लाभायची नाही.

या नोकरीतून त्यांच्या अंगात एक नियम भिनला होता. आपल्या अंगाचा भार टाकल्याशिवाय सही करायची नाही. त्याला कारणही तसंच घडलं होतं. स्वतःच्या लग्नासाठी त्यांनी आठ दिवस रजा टाकली, तेवढ्यात त्यांच्या जागी आलेल्या इसमानं एकदाही न बसता सह्या ठोकल्या, आणि नेमक्या त्याच खेपेतल्या खुर्च्या लग्नाच्या हॉलमध्ये आल्या. सासरेबुवा पहिल्या रांगेत टेकले ते थेट जमिनीवर आले. त्या वेळचा एक फोटो आहे. त्यात सगळी मंडळी सासऱ्यांना उचलताहेत आणि नवरा मुलगा गुडघ्यावर बसून तुटलेल्या खुर्चीची बिजागरी निरखतो आहे. काकूंनी तो फोटो कधी भिंतीवर लावला नाही.

निवृत्तीनंतर माणूस निवळतो अशी एक समजूत आहे. काका उलट फोफावले. कुणाकडे गेले की बसण्याआधी खुर्ची उलटी करून बघत. दवाखान्यात नंबर येईपर्यंत बाकाचे नट आवळत. खिशात पाना असायचाच. काकूंनी पंचावन्नाव्या वर्षी क्लास लावला, गाडी शिकल्या आणि पहिल्याच फटक्यात परवाना घेऊन घरी आल्या. काकांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, “हे त्यांचं झालं. आता माझी परीक्षा.” त्या परीक्षेत काकू सहा वेळा नापास झाल्या. एकदा आरशात कमी बघितलं म्हणून, आणि पुढच्या खेपेला फार बघितलं म्हणून. सातव्यांदा त्या बसल्याच नाहीत.

निवृत्तीच्या वर्षी काकांनी एक जुना ट्रेलर घेतला, तोही अर्थातच घडीचा. बंद असताना ती कमरेएवढ्या उंचीची, गाडीमागं जोडायची एक पत्र्याची पेटी. मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवायचं, छत वर जातं, दोन बाजूंनी दोन पलंग बाहेर सरकतात, कापडी भिंती ताणल्या की चांगली ऐसपैस खोली होते. निघताना सगळं पुन्हा मुडपून छत खाली आणायचं आणि चार कोपऱ्यांवरच्या चार कड्या बाहेरून लावायच्या. छताला आकडा आणि भिंतीला दांडी. दांडी आकड्यात अडकवून खाली दाबली की छत आवळून बसतं. कडी सुटली तर चालत्या गाडीवर छत उडू शकतं, असं माहितीपुस्तकात लाल अक्षरांत छापलेलं होतं. काकांनी ते पान स्वयंपाकघरात, काकूंना पोळ्या लाटताना दिसेल अशा बेतानं चिकटवलं.

सहा वर्षांत तो ट्रेलर अंगणाच्या फाटकाबाहेर गेला नव्हता. दर शनिवारी निघायचं ठरे आणि दर शनिवारी काकांना काहीतरी सापडे. कधी टायरची हवा, कधी दिव्याची तार, कधी नुसता एक आवाज, जो फक्त त्यांनाच ऐकू येई.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण काकूंना हसू येत नव्हतं. त्यांची मोठी बहीण पन्नास किलोमीटरवर राहायची, मुलाच्या घरी. पूर्वी ताई दरवर्षी इकडे येत. चार वर्षांपूर्वी त्यांचे डोळे बिघडत गेले आणि येणं थांबलं. काकूंनी बसनं जायचं म्हटलं की काका म्हणत, “दीड खोलीत सात माणसं. तू झोपणार कुठं? ट्रेलर कशाला घेतलाय मग? पुढच्या आठवड्यात आपला आपण घेऊन जाऊ.” आणि काकूही वेड्या, थांबल्या. एक आठवडा थांबल्या, मग दुसरा, आणि बघता बघता चार वर्षं गेली.

गुरुवारी ताईंचा फोन आला. सोमवारी डोळ्यांचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की थोडं राहील, नाहीतर आहे तेही जाईल.

“अक्षरं गेली बघ माझी,” ताई म्हणाल्या. “चेहरे अजून दिसतात, जवळ आले तर. उजेडात. तू ये. आणि ती तुझी घडीची खोली आण. एक रात्र दोघी झोपू त्यात.”

काकूंनी फोन ठेवला आणि काकांकडे बघितलं. त्या ओरडल्या नाहीत, यावरूनच काकांना प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

“शनिवारी सकाळी आठला निघायचं,” काका म्हणाले. “शब्द देतो.”

आणि त्यांनी तो मनापासून दिला होता. शनिवारी सहालाच ते उठले, गाडी धुतली, टायर बघितले, दिवे बघितले. सगळं ठीक होतं. साडेसातला काकू बॅग घेऊन पायरीवर उभ्या होत्या. काका शेवटचं म्हणून कड्या तपासायला गेले. पुढची उजवी, पुढची डावी, मागची उजवी, प्रत्येक कडी वीस वेळा उघडून वीस वेळा लावली. मागची डावी जरा सैल वाटली, म्हणून तिला चाळीस वेळा. चाळिसाव्या खेपेला अख्खी कडी, चार स्क्रू आणि मूठभर भुशासकट, त्यांच्या हातात आली.

काका कडीकडे बघत राहिले. काकू काकांकडे बघत राहिल्या.

“बघ,” काका म्हणाले, “मी तपासली म्हणून कळलं. वाटेत निघाली असती तर?”

“तुम्ही तपासली म्हणून निघाली,” काकू म्हणाल्या. “जन्मात निघाली नसती ती.”

त्यांनी बॅग पायरीवर ठेवली आणि तिच्यावरच बसल्या. “दुपारपर्यंत लावा. मी इथून हलणार नाही.”

पत्र्यामागं एक लाकडी पट्टी होती आणि तिच्यातच ते स्क्रू रुतलेले असायचे. पावसाचं पाणी मुरून मुरून ती पट्टी त्या कोपऱ्यात भिजल्या बिस्किटासारखी झाली होती. काकांनी स्क्रूड्रायव्हर खुपसला तर तो आरामात आत गेला. ते कडी फडक्यात बांधून हार्डवेअरच्या दुकानात पोचले.

दुकानदार त्यांना ओळखून होता. काका दिसले की तो गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल आत उचलून ठेवी.

“लांब स्क्रू देतो,” तो म्हणाला. “दोन मिनिटांचं काम.”

“कुजलेल्या लाकडात लांब स्क्रू म्हणजे लांब भोक.”

“मग भोकात काड्या आणि गोंद कोंबा.”

काकांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यानं काड्या परत घेतल्या. “मग आरपार बोल्ट घाला. आतून लोखंडी पट्टी, तिच्यावर नट. बाहेरून रबर लावा, पाणी जाणार नाही. हे खरं काम. पण दोन माणसं लागतील. एक बाहेर स्क्रूड्रायव्हर धरायला, एक आत नट आवळायला.”

“हे बोललात,” काका खूश झाले. “आणि नट पुढं सैल झाला तर?”

“दुसरा नट लावा त्याच्यावर.”

“आणि दोन्ही झाले तर?”

दुकानदारानं दीर्घ श्वास घेतला आणि मागच्या फळीवरून एक छोटी लाल बाटली काढली. “हा गोंद लावला की नट या जन्मी निघत नाही. पंधरा मिनिटांत धरतो.”

काकांनी पट्टी घेतली, बोल्ट घेतले, नट दुप्पट घेतले आणि बाटली घेतली.

काम त्यांनी झकास केलं, हे मान्य करायला हवं. कुजलेलं लाकूड कोरून काढलं, कोरडं केलं, त्या जागी सागाचा तुकडा चिकटवला, भोकं पाडली, पत्र्याला रबर बसवलं. दुपारी दोन वाजता बोल्ट आरपार घालून झाले होते आणि नट हातानं फिरवून टेकवलेले होते. छत वर होतं, आत उभं राहायला जागा होती, दोन मिनिटांत पाना फिरवून मोकळं होता आलं असतं. तुम्ही-आम्ही झालोही असतो.

पण काका थांबले. छत वर असताना कडीवर भार नव्हता. भार नसताना आवळलेला नट म्हणजे न बसता पास केलेली खुर्ची. छत खाली हवं, कडी लागलेली हवी, तिच्यावर पुरता ताण हवा, आणि त्या ताणात आतून नट आवळायला हवा. आतून म्हणजे मिटलेल्या पेटीच्या आतून.

“अहो, माणूस मावतो का त्यात?” काकू म्हणाल्या.

“मी मोजलंय. दोन बाकांच्या मधे आडवं पडलं की नाकाच्या वर चार बोटं राहतात.”

“मी जाते आत. मी बारीक आहे.”

“आणि सही मी करू? तू आवळलेल्या नटावर?”

काका पाना, टॉर्च, तक्ता, लाल बाटली आणि पाठीखाली एक चादर घेऊन आत आडवे झाले. सामान ठेवायचा एक कप्पा त्याच कोपऱ्यात खाली होता आणि त्याला बाहेरून ताटाएवढं झाकण होतं. काकांनी कप्प्याची आतली फळी काढून टाकली, म्हणजे हवाही येईल आणि बोलताही येईल. काकूंनी हँडल फिरवलं. छत करकरत खाली आलं. अंधार झाला. काकूंनी चार कड्या लावल्या आणि स्क्रूड्रायव्हर धरला. आतून पाना फिरायला लागला.

काकांनी आवळलं. मग अजून आवळलं. मग गोंद लावला, दुसरा नट लावला आणि जीव खाऊन आवळलं. छातीवर तक्ता ठेवून टॉर्चच्या उजेडात एकेक रकाना भरला. पकडते का? हो. हलते का? नाही. पाणी जाईल का? नाही. खाली वळणदार सही ठोकली.

“झालं!” ते म्हणाले. “उघड आता.”

बाहेर खुडबुड झाली. मग शांतता. मग पुन्हा खुडबुड.

“अहो,” काकू म्हणाल्या, “तीन उघडल्या. ही उघडत नाही.”

“दांडी वर उचल.”

“कुठली दांडी? ती पत्र्यात गेलीय सगळी. बोट जात नाही खाली.”

काकांनी डोळे मिटले. त्यांनी इतकं आवळलं होतं की कडी पत्र्यासकट आत रुतली होती आणि दांडीचं टोक भिंतीशी सपाट झालं होतं. नट सैल करायचा तर त्याच्यावर दुसरा नट होता, आणि दोहोंच्या मधे तो गोंद. त्यांनी पाना लावून बघितला. दुकानदार खोटं बोलला नव्हता. छातीवरच्या तक्त्यात ‘उघडते का’ असा रकानाच नव्हता. एकतीस वर्षांत कधी लागला नव्हता, कारण खुर्ची बंद व्हायला नाखूश असते, उघडायला कधीच नाही.

काकूंनी झाकण उचलून आत बघितलं. काकांना त्यांचा आडवा चेहरा दिसला.

“पहार घालून काढू का?” त्यांनी विचारलं.

“पहारेनं पट्टी निघेल, पत्रा फाटेल, सगळंच निघेल.”

“मग आज जाणं नाही.” काकू म्हणाल्या. “साडेतीन वाजले. अंधारात मला चालवता येत नाही. उद्या तुम्हाला आणखी काही सापडेल. आणि परवा सोमवार.”

त्या झाकणासमोर तशाच जमिनीवर बसल्या. त्यांना रडू यायला लागलं होतं आणि ते त्यांना काकांना दाखवायचं नव्हतं, पण झाकण नेमकं तोंडासमोर होतं.

काका अंधारात पडून होते. नाकाच्या वर चार बोटांवर पत्रा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उठून काही बघायला जाता येत नव्हतं.

“ताईंना यातच झोपायचंय ना?” ते म्हणाले.

“हो.”

“मग जोड गाडीला.”

“काय?”

“ट्रेलर जोड. तू चालव. भाच्याचं गॅरेज आहे तिथं, तो काढेल मला.”

“तुम्ही आत?”

“दुसरीकडे कुठं असणार?”

काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या उठल्या. पाच मिनिटांनी परत आल्या आणि झाकणातून एक उशी, दोन केळी, पाण्याची बाटली आत सरकवली. झाकण हवेसाठी उघडंच ठेवून दोरीनं बांधलं. मग राहिलेल्या तीन कड्या लावल्या.

“फोन करू नका वाटेत,” त्या म्हणाल्या. “गाडी चालवताना मी घेणार नाही. तुमच्याच परीक्षेच्या तक्त्यात आहे, चौदावा रकाना.”

फाटक उघडल्याचा आवाज आला. मग ट्रेलर हलला. सहा वर्षं एका जागी उभी असलेली चाकं आधी कुरकुरली, मग नीट फिरायला लागली.

पहिला अर्धा तास काकांनी कामात घालवला. टॉर्च मागच्या डाव्या कोपऱ्यावर धरून ते नट बघत राहिले. नट जागचा हलत नव्हता. मग त्यांनी बाकीचे आवाज मोजायला सुरुवात केली. सिंकची खडखड, बाकाची करकर, कुठलीशी एक टिकटिक. बाराव्या आवाजानंतर त्यांच्या लक्षात आलं की हे मोजून आता काही उपयोग नाही. ऐकून करणार काय? गाडी काही थांबवता येणार नव्हती.

मग त्यांचं लक्ष गतिरोधकांकडे गेलं. पहिल्या गतिरोधकाला गाडी जवळजवळ थांबली आणि पुढचं चाक, मागचं चाक असं अलगद उतरली. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला काकांना उलगडलं. आपला नवरा जमिनीवर पाठ टेकून पडलाय, हे काकू एकेका खड्ड्याला लक्षात ठेवत होत्या. शेजारच्या सीटवर बसून सहा वेळा परीक्षा घेतली तेव्हा काकांना हे दिसलं नव्हतं. याला रकानाच नव्हता. काकांना लाज वाटली. टायर, तार आणि आवाज हे सगळं खरं होतं, पण भीती त्या गोष्टींची नव्हतीच. बाहेर पडलं की काहीतरी सुटेल आणि ते आपल्या हातात नसेल, याची ती भीती होती. आणि तिच्यापायी चार वर्षं या बाईला त्यांनी पायरीवर बसवून ठेवलं होतं.

अर्ध्या वाटेवर गाडी थांबली. तपासणी नाका होता. बूट घातलेले पाय झाकणाजवळून गेले.

“मावशी, आत काय आहे?”

“सामान,” काकू म्हणाल्या.

पोलिसानं काठीनं पत्र्यावर दोनदा टकटक केलं.

“आहे, आहे,” काका आतून म्हणाले. न्हाणीघराचं दार कुणी वाजवलं की तोंडातून आपोआप निघतं, तसं ते निघून गेलं.

बाहेर काठी थांबली.

“मावशी, सामान बोलतंय.”

“मिस्टर आहेत माझे.”

“ट्रेलरमध्ये माणसं बसवायला परवानगी नाही.”

“बसलेत कुठं, साहेब? आडवे आहेत.”

पोलीस गुडघ्यावर बसला आणि झाकणातून त्यानं आत बघितलं. “काका, तुम्हाला कुणी जबरदस्तीनं कोंडलंय का?”

“छे, छे. मीच बसवलेली कडी आहे. उघडत नाही एवढंच.”

पोलिसाला ते पटलं नाही. त्यानं टोपी काकूंच्या हातात दिली, बूट चाकाला टेकवला आणि दोन्ही हातांनी कडी ओढली. ट्रेलर हलला, गाडी हलली, पोलीस लालबुंद झाला. कडी हलली नाही. त्यानं घाम पुसला, वही काढली आणि बराच वेळ पानं चाळली. जादा भार म्हणावं तर नव्हता. जनावरांची वाहतूक म्हणावं तर तेही बसत नव्हतं.

“कडी मात्र पक्की बसवलीय,” शेवटी तो म्हणाला.

“चार बोल्ट,” काका आतून म्हणाले. “आठ नट.”

“पुढच्या गावात गॅरेज असेल. हळू जा. आणि काका, कुणी पत्रा वाजवला तर गप्प बसत जा.”

ऊन मावळायच्या आत गाडी पोचली. इंजिन बंद झालं. काकांना झाकणातून फरशीचा एक तुकडा, एक नळ आणि एक पायरी एवढंच दिसत होतं. गाडीचं दार वाजलं आणि काकूंचे पाय आले. ते घाईघाईनं आले आणि एकदम थांबले. समोरून दुसरे दोन पाय येत होते, एकेक पाऊल आधी चाचपून मग टेकवत. ताईंच्या एका पायात काळी चप्पल होती आणि एका पायात तपकिरी.

“कोण?” ताई म्हणाल्या.

चार पाय समोरासमोर आले, इतके जवळ की बोटांना बोटं लागली.

“उजेडाकडे तोंड कर. इकडे. हां, अशी.” मग बराच वेळ पाय जागचे हलले नाहीत. “केस सगळे पांढरे झाले की गं.”

“तुझे तरी कुठं काळे राहिलेत.”

“आईसारखी दिसायला लागलीस. हनुवटी तीच. हलू नको, थांब. हा तीळ होता का आधी?”

“होता. तूच रागानं दाबायचीस लहानपणी.”

“दाबायचे मी. थांब, नीट बघू दे. इकडचा गाल दाखव.”

काकांनी टॉर्च विझवला. इतकं नीट कुणी काही बघत असलेलं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात ग्रीसचे डाग पडलेली एक पँट झाकणासमोर आली आणि भाच्याचं तोंड खाली वाकलं. “काका! खरंच आत आहात? मावशी म्हणाली तर मला थट्टा वाटली.” त्यानं कडीवर बोट फिरवलं. “तोडायला नको. पातळ पट्टी दांडीखाली ठोकत नेली की सुटेल. दहा हातोडे, बस. आणू?”

“आवाज होईल?”

“पत्रा आहे. होणारच की.”

काकांनी बाहेर बघितलं. चार पाय आता पायरीवर शेजारी शेजारी बसले होते. ताईंचा हात खाली येऊन काकूंच्या पायाचं बोट धरून होता, कशासाठी ते कळत नव्हतं. दोघी हसत होत्या आणि मधेच हसत नव्हत्या.

“राहू दे जरा,” काका कुजबुजले. “त्यांचं होऊ दे.”

भाचा गेला आणि कपभर चहा आणून त्यानं झाकणातून आत दिला. नाकावर चार बोटं जागेत चहा पिता येत नाही. काकांनी तो छातीवर धरून ठेवला. कमरेला रग लागली होती, डावा पाय बधिर होता, चहा निवत गेला. फरशीवरचं ऊन आधी नळापाशी होतं, मग पायरीशी आलं, मग पायांवर चढून निघून गेलं. दोघी बोलत होत्या. कुणाच्या लग्नात कोण पडलं याचा एक किस्सा निघाला, त्यावर ताई खूप हसल्या. काका तोही निमूट ऐकत पडले.

“आता नाही दिसत गं,” ताई म्हणाल्या. “उजेड गेला. पण झालं माझं बघून.”

मग काकू एकदम उठल्या. पाय धावत आले, गुडघे टेकले, आणि झाकणात त्यांचा चेहरा दिसला, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. “अहो, तुम्हाला विसरलेच की मी.”

“बरं केलंस,” काका म्हणाले.